भाड्याच्या घरातील फसलेली दुरुस्ती आणि हात वर करणारे घरमालक

कर्वेनगरकर (मूळ प्रश्न)

नमस्कार. आम्ही पुण्यात कर्वेनगर भागात एका तीन मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर जानेवारीपासून भाड्याने राहत आहोत. इमारत पंचवीस-तीस वर्षांची आहे. भाडे महिना २४,००० रुपये, अनामत ७५,००० रुपये, आणि अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार रीतसर नोंदवलेला आहे. त्याची मुदत ३० नोव्हेंबरला संपते. मुलीची शाळा जवळ असल्यामुळे निदान मार्चपर्यंत हे घर सोडण्याची आमची इच्छा नाही, आणि सगळी अडचण तिथूनच सुरू होते.

एप्रिलमध्ये झोपण्याच्या खोलीच्या, न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीला ओल आली. घरमालक काकांना कळवले. त्यांनी त्यांचा नेहमीचा माणूस पाठवला. त्याने न्हाणीघरातील तीन फरशा फोडल्या, आतील लोखंडी पाइपचा गंजलेला तुकडा कापून तिथे प्लास्टिकचा पाइप जोडला, वेगळ्याच रंगाच्या फरशा बसवून सांध्यांत पांढरे सिमेंट भरले आणि त्याच संध्याकाळी खोलीच्या ओल्या भिंतीला लांबी (पुट्टी) लावून दुसऱ्या दिवशी रंगही देऊन टाकला. एवढे काम इतक्या झटपट झाले म्हणून आम्ही त्याला चहा पाजला, हे आता आठवले की हसू येते.

जूनच्या मध्यापर्यंत रंगाचे पोपडे सुटले आणि भिंतीला लोणा लागला. नव्या फरशांपाशी पाणी नहाणीच्या जाळीकडे न जाता दाराच्या कोपऱ्यात साचू लागले. खालच्या मजल्यावरच्या आजींच्या छताला ओल येऊन आता तिथे थेंब थेंब गळते आहे, आणि त्या जिन्यात भेटल्या की आम्हालाच बोलतात. त्या ओल्या भिंतीवरील दिव्याच्या बटणाला हात लावला की कधी कधी झिणझिण्या येतात, ही सर्वांत ताजी गोष्ट.

काकांचे म्हणणे असे की, ‘मी एकदा दुरुस्ती करून दिली आहे, आता जे होते आहे ते तुमच्या वापरामुळे.’ त्यांचा माणूस पुन्हा सगळे करायला १८,००० रुपये मागतो, त्यातले निम्मे आम्ही द्यावेत असा त्यांचा आग्रह आहे. न दिल्यास अनामतीतून कापून घेईन असे त्यांनी फोनवर सांगितले. मधल्या काळात आम्ही घरी नसताना ते स्वतःच्या किल्लीने आत येऊन पाहणीही करून गेले.

खर्च आम्ही करून भाड्यातून वळता करता येतो का, खालच्या घराच्या नुकसानीची जबाबदारी आमच्यावर येते का, आणि वाद न वाढवता अनामत कशी वाचवावी, या तीन बाबतींत जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त मिस्त्री

आपले तीन प्रश्न बाजूला ठेवून आधी चौथ्याचे उत्तर देतो, कारण तो आपण विचारलेलाच नाही. बटणाला झिणझिण्या येतात याचा अर्थ ओल्या भिंतीत वीज उतरते आहे. त्या खोलीचा एमसीबी (बोर्डावरचा वीज तोडणारा खटका) आजच पाडून ठेवा, बटणाला ओल्या हाताने किंवा अनवाणी कोणीही हात लावू नये हे मुलीला सांगा, आणि परवानाधारक वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच प्रवाह तोडणारा खटका) आहे की नाही हेही त्याला पाहायला सांगा. त्या वयाच्या इमारतींत तो बहुधा नसतो. वायरमनने काय पाहिले ते त्याच्याकडून दोन ओळींत लिहून, सही करून घ्या. पुढे कोणी ‘तुमचा वापर’ म्हणाले तर तो कागद उपयोगी पडेल.

आता गळतीविषयी. मी तेहतीस वर्षे बांधकामाच्या साइटवर काढली आहेत आणि माझा अनुभव असा की, गळतीच्या दुरुस्त्या फसतात त्या वाईट मालामुळे कमी आणि गळते कुठे हे न शोधताच घण घातल्यामुळे जास्त. न्हाणीघरात पाण्याचे दोन मार्ग असतात. एक नळाकडे येणारा भरलेला पाइप, ज्यात चोवीस तास पाणी उभे असते. दुसरा सांडपाण्याचा, म्हणजे फरशी, तिच्याखालचा कोबा (काँक्रीटचा थर), नहाणीचा ट्रॅप (जाळीखालचे भांडे) आणि तिथून खाली जाणारा पाइप, ज्यात पाणी फक्त आपण आंघोळ केली की जाते. पहिला फुटला तर गळती अखंड चालते, दुसरा फुटला तर ती आपल्या दिनक्रमाप्रमाणे कमी-जास्त होते. पावसाळा असल्यामुळे बाहेरच्या भिंतीतून किंवा डक्टमधून पाणी येण्याची तिसरी शक्यताही आहेच, पण ओल एप्रिलमध्ये आली म्हणता, त्यामुळे मी ती शेवटी ठेवीन.

हे ओळखण्यासाठी भिंतीकडे पाहत बसू नका, कारण भिंत एकदा भिजली की वाळायला कित्येक आठवडे घेते आणि काहीच सांगत नाही. खालच्या आजींच्या छतातून जे थेंब पडतात ते खरे साक्षीदार आहेत. त्यांच्याकडे एक बादली ठेवा. पहिले दोन दिवस गच्चीवरील टाकीतून आपल्या न्हाणीघराकडे येणारा कॉक बंद ठेवा आणि ठिबक थांबते का पाहा. पुढचे दोन दिवस कॉक उघडा ठेवा, पण त्या न्हाणीघरात आंघोळ, कपडे, भांडी काहीही करू नका. त्यानंतर नहाणीच्या जाळीत फडक्याचा बोळा घट्ट बसवून फरशीवर इंचभर पाणी भरा, त्यात खाण्याचा रंग टाका, पाण्याच्या पातळीवर भिंतीला पेन्सिलने खूण करा आणि चोवीस तास थांबा. खाली रंगीत थेंब पडला तर वाद संपला. मात्र हे सगळे करताना घरमालकांना आधी कळवा, शक्य असेल तर त्यांना हजर राहायला सांगा. नाहीतर ‘तुम्हीच पाणी भरून छत भिजवले’ असे ऐकावे लागेल.

त्यांच्या माणसाने केलेल्या कामात, आपल्या वर्णनावरूनच, मला चार चुका दिसतात. फरशा फोडताना खालचा कोबा आणि त्यावरचा जलरोधक थर फुटला असणार, आणि तो पुन्हा न करता वर नुसती फरशी बसवली. नव्या फरशीला नहाणीकडे ढाळ दिला नाही. दर तीन फुटांना अर्धा इंच उतार लागतो, तो नसेल तर पाणी साचणारच. पांढरे सिमेंट वाळताना आकसते आणि त्याला केसाएवढ्या चिरा जातात, म्हणून सतत ओल्या जागी इपॉक्सी ग्राउट (सांधे भरायचा रेझिनचा लगदा) भरतात. आणि ओल्या गिलाव्यावर लांबी लावणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधण्यासारखे आहे: आतले पाणी बाहेर पडताना क्षार घेऊन येते, तोच आपला लोणा. यातली एकही चूक राहणाऱ्याच्या वापराने होत नाही.

१८,००० रुपयांत तो माणूस नेमके काय करणार आहे हे लेखी घेतल्याशिवाय त्याला फरशीला हात लावू देऊ नका. तेच पुन्हा करणार असेल तर फुकटही महाग आहे.

चाळकरी

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार जागा राहण्यायोग्य स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची असते. त्याने ती पार पाडली नाही तर भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी, त्यानंतरही वाजवी वेळेत काम झाले नाही तर स्वतः दुरुस्ती करावी आणि तो खर्च भाड्यातून वळता करावा, अशी तिथे स्पष्ट तरतूद आहे. एका वर्षात वळती करण्याची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त होता कामा नये. आपल्या भाड्याने ती मर्यादा ७२,००० रुपये येते, म्हणजे १८,००० रुपये सहज बसतात.

आमच्या गिरगावातील चाळीत सामाईक संडासांच्या छताचे काम आम्ही अकरा बिऱ्हाडांनी मिळून असेच केले होते. प्रत्येकाने आपापल्या भाड्याच्या प्रमाणात खर्च उचलला आणि वळता केला. मालकाने नोटिशीला उत्तर दिले नाही, पण पुढे अडवलेही नाही. अर्थात आमचे भाडेच इतके कमी आहे की वर्षाच्या चतुर्थांशात पत्र्याचे दोन तुकडेही येत नाहीत, त्यामुळे पूर्ण खर्च फिटायला काही वर्षे लागली.

कागद आणि पावती

वरील प्रतिसादात कलम १४ विषयी जे सांगितले आहे ते शब्दशः बरोबर आहे, पण मूळ प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी त्यावर विसंबून एक रुपयाही भाड्यातून कापू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे, आणि त्याचे कारण थोडे सविस्तर सांगतो. मी वकील नाही. भाडेकरारांची नोंदणी करून देण्याच्या व्यवसायात असल्यामुळे रोज हेच कागद हाताळतो.

कलम १४ हे ‘भाडेकरू’साठी आहे. चाळकरी यांची जागा जुन्या भाडेपट्ट्याची असल्यामुळे ते कायद्याच्या अर्थाने भाडेकरू आहेत. लीव्ह अँड लायसन्स करारावर राहणारी व्यक्ती बोलीभाषेत भाडेकरू असली तरी त्याच कायद्याच्या व्याख्येत ती ‘लायसन्सी’, म्हणजे परवानगीने राहणारी, ठरते, आणि दोन्हींचे हक्क वेगळे आहेत. शिवाय कलम १४ मध्येही ‘विरुद्ध आशयाचा करार नसेल तर’ अशी अट आहेच. पुण्या-मुंबईतील आजचे बहुतेक करार लीव्ह अँड लायसन्सचे असतात, ते नेमके याच कारणाने. आपण भाड्यातून रक्कम कापली तर मालकाच्या दृष्टीने ती थकबाकी होईल आणि करार मुदतीआधी संपवण्याचे कारण आपणच त्यांच्या हातात दिल्यासारखे होईल. मुदत संपल्यावरही जागा सोडली नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ते ताबा मागू शकतात, आणि त्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. मार्चपर्यंत राहण्याची इच्छा असणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

२०२१ साली केंद्राने आणलेल्या आदर्श भाडेकरू कायद्याचाही दाखला हल्ली पुष्कळ लोक देतात. त्याच्या परिशिष्टात कोणती दुरुस्ती कोणी करायची याची यादी आहे, आणि पाइप बदलणे व वायरिंग ही कामे मालकाच्या रकान्यात आहेत, हे खरे. पण तो केवळ नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही, आणि महाराष्ट्रात १९९९ चाच कायदा चालतो. वाटाघाटीत उदाहरण म्हणून तो जरूर दाखवावा, हक्क म्हणून सांगू नये.

मग आपल्या हाती काय आहे, तर पहिली गोष्ट आपला स्वतःचा करार. तो काढून वाचा. छापील मसुद्यांत बहुधा एक कलम असते की, लायसन्सीने जागा आहे त्या स्थितीत राखावी आणि त्याच्याकडून काही नुकसान झाल्यास ते भरून द्यावे, मात्र नेहमीच्या वापराने होणारी झीज त्यातून वगळावी. मालकाने दुरुस्ती करावी असे कलम सहसा नसते, ही त्या मसुद्यांची मोठी उणीव आहे, आणि मी प्रत्येक ग्राहकाला ते कलम घालायला सांगतो तरी दहातले आठ जण घाईत सही करतात. परंतु ‘आपल्याकडून झालेले नुकसान’ एवढ्यापुरतीच जबाबदारी आपल्यावर येते हेही त्याच कलमातून निघते; तीस वर्षे जुन्या पाइपचा गंज आणि मालकाने नेमलेल्या माणसाची चूक आपल्याकडून झालेली नाही.

दुसरी गोष्ट १८८२ चा भारतीय सुविधाधिकार अधिनियम, ज्यावर लायसन्सची सगळी कल्पना उभी आहे. त्याच्या कलम ५७ नुसार जागेतील धोकादायक दोष मालकाला माहीत असेल आणि राहणाऱ्याला माहीत नसेल तर तो सांगणे मालकावर बंधनकारक आहे, आणि कलम ५८ नुसार राहणाऱ्याच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका होईल असे काही त्याने करता कामा नये. फसलेल्या दुरुस्तीमुळे भिंत ओली राहून बटणात वीज उतरते, हे या दुसऱ्या कलमाच्या फार जवळ जाते. पत्रात हा मुद्दा सर्वांत आधी घ्या. आपली काही चूक नसताना मुदतीपूर्वी बाहेर काढले तर भरपाई मागता येते, असे त्याच कायद्याचे कलम ६४ सांगते.

आता पत्राविषयी. फोनवर झालेले बोलणे हवेत विरते, म्हणून आजच काकांना व्हॉट्सॲपवर आदराने लिहा: ‘आज आपले फोनवर असे असे बोलणे झाले, माझ्या समजुतीत काही चूक असल्यास कळवावे.’ मग एक पानी पत्र स्पीड पोस्टाने, पोचपावती मागवून पाठवा. त्यात ओल पहिल्यांदा कळवल्याची तारीख, त्यांच्या माणसाने काम केल्याची तारीख, आजची स्थिती, वायरमनचे म्हणणे, गळती कुठून आहे हे शोधण्याच्या चाचणीसाठी हजर राहण्याची विनंती आणि काम सुरू करण्यासाठी पंधरा दिवसांची मुदत एवढेच असावे. धमकी नको, विशेषणे नकोत, आणि कायद्याची कलमे एका वाक्यात आटपावीत. भाडे नेहमीच्या तारखेला बँकेतूनच भरत राहा आणि पत्राच्या शेवटी तसे नमूदही करा.

छायाचित्रे आणि संदेश मूळ फोनमध्ये जपून ठेवा, एकमेकांना पुढे पाठवलेल्या प्रतींवर विसंबू नका. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे असा पुरावा न्यायालयात द्यायचा तर त्यासोबत प्रमाणपत्र लागते, आणि मूळ उपकरण हाताशी असले की ते सोपे जाते.

प्रकरण त्यापुढे गेलेच तर शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर साहाय्य मिळू शकते, आणि दावा दाखल होण्यापूर्वीच समेटासाठी तिथे अर्ज करता येतो. १८,००० रुपयांच्या वादासाठी वकील नेमून तारखा घेण्यापेक्षा ती वाट पुष्कळ बरी.

मीही घरमालक

या धाग्यावर मालकाच्या बाजूचे कोणी नाही, म्हणून लिहितो. माझा पिंपरीत एक फ्लॅट आहे आणि तो भाड्याने दिलेला आहे. आपल्या काकांचे वागणे मी योग्य म्हणत नाही, पण ते कसे घडते हे मला ठाऊक आहे. मालक साठीच्या पुढचा असतो, त्याला बांधकामातले काही कळत नाही, आणि वीस वर्षे ओळखीचा असलेला माणूस ‘साहेब, फर्स्ट क्लास करून दिले आहे’ असे सांगतो तेव्हा तो त्यावर विश्वास ठेवतो. नंतर भाडेकरू तक्रार करतो तेव्हा मालकाला वाटते की पैसे पुन्हा मागितले जात आहेत, आणि त्या ओळखीच्या माणसाला जाब विचारण्यापेक्षा भाडेकरूवर ठपका ठेवणे सोपे जाते. मी स्वतः एकदा हेच केले होते. दुसऱ्या ठेकेदाराने फरशी उचलून खालचा रिकामा खड्डा दाखवला, तेव्हा भाडेकरूची माफी मागावी लागली.

त्यामुळे माझा सल्ला असा की, ‘तुमच्या माणसाने काम बिघडवले’ असे न म्हणता ‘खालच्या घराचे नुकसान वाढले तर ते तुमच्या अंगावर येईल’ असे म्हणा, कारण ते खरेही आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची, बाहेरचे सामाईक पाइप आणि पावसाच्या पाण्याची गळती ही संस्थेची जबाबदारी असते, पण न्हाणीघर, संडास, मोरी यांच्यातून होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकांनी उचलायचा असतो. संस्थेचा सभासद काका आहेत, आपण नाही. खालच्या आजींनी संस्थेच्या सचिवांकडे लेखी तक्रार केली तर नोटीस काकांना जाईल. आजींशी भांडू नका, त्यांना चहाला बोलवा. या प्रकरणात त्यांच्याइतका जवळचा पक्षकार आपल्याला दुसरा नाही.

किल्लीविषयी मात्र मी काकांच्या पूर्ण विरोधात आहे. पाहणीचा हक्क अनेक करारांत मालकाला असतो, पण तो आगाऊ सांगून आणि वाजवी वेळी वापरायचा असतो. माझ्याकडेही जादा किल्ली आहे. ती पाकिटात बंद करून, पाकिटावर भाडेकरूची सही घेऊन ठेवलेली आहे.

कर्वेनगरकर

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवडे उलटून गेले आहेत, म्हणून पुढे काय झाले ते कळवते.

वायरमन त्याच दिवशी आला. बटणामागची पेटी आतून ओली होती आणि त्या पॉइंटला अर्थिंगची तार जोडलेलीच नव्हती. त्याने तो पॉइंट तोडून बंद केला आणि मागितल्याप्रमाणे लिहूनही दिले. ‘असे कोणी लिहून मागत नाही’ असे दोनदा म्हणाला.

आजींना चहाला बोलावले. त्या एवढ्या रागात का होत्या तेही कळले: त्यांच्या छतातले थेंब देवघरावर पडत होते. मग त्यांनीच बादली मांडली आणि वहीत वेळा लिहून ठेवल्या. कॉक बंद केल्यावर ठिबक दीड दिवसात थांबली, त्यामुळे आम्हाला पाइपच फुटला आहे असे वाटले. पण कॉक उघडून न्हाणीघर वापरायचे बंद ठेवले तेव्हाही ती सुरू झाली नाही. शेवटी हिरवा रंग टाकून पाणी भरले आणि त्याच रात्री आजींचा फोन आला की बादलीत हिरवे थेंब पडत आहेत. म्हणजे गळती पाइपची नसून फरशीखालची आहे, आणि एप्रिलमध्ये बदललेल्या पाइपचा तिच्याशी काही संबंध नव्हता. काकांना चाचणीचे आमंत्रण दिले होते. ते स्वतः आले नाहीत, पण संस्थेचे सचिव आले आणि त्यांनी छायाचित्रे काढली.

पत्र मिळाल्यावर काका प्रथम फार चिडले. ‘घरच्यासारखे राहता आणि पोस्टाने पत्रे पाठवता’ हे त्यांचे वाक्य होते, आणि खरे सांगायचे तर मला त्या क्षणी वाईटही वाटले. चार दिवसांनी संस्थेची नोटीस त्यांना गेली आणि त्यानंतर सूर बदलला. आता न्हाणीघराचा पूर्ण खर्च ते करणार आहेत, माणूस दुसरा आहे, आणि अनामतीतून या कामासाठी काही कापणार नाही असा एक ओळीचा संदेश त्यांनी पाठवला आहे. किल्लीचा विषय मी अजून काढलेला नाही, एका वेळी एकच भांडण पुरे. अडले आहे ते खोलीच्या रंगावर: त्याचे ६,००० रुपये होतात आणि निम्मे आम्ही द्यावेत असे ते म्हणतात. करार मार्चपर्यंत वाढवायचा असल्यामुळे द्यावेत का, असा विचार मनात येतो.

कागद आणि पावती

रंग ओलीमुळे गेला आहे, त्यामुळे देणे लागत नाही. तरीही संबंध राखण्यासाठी ३,००० रुपये द्यायचे ठरवलेत तर ते काम झाल्यावर, बँकेतून, आणि ‘जबाबदारी म्हणून नव्हे, स्वखुशीने’ असे लिहून द्या. त्याच संदेशात करार मार्चपर्यंत वाढवण्याचा विषय काढा आणि नव्या करारात दुरुस्ती कोणी करायची याचे कलम या वेळी घालून घ्या. वाढीव मुदतीचा करारही नोंदवलाच पाहिजे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी मालकाची आहे आणि करार नोंदवलेला नसेल तर अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, जोवर मालक वेगळे सिद्ध करत नाही. काकांना हे हलक्या आवाजात सांगावे.

निवृत्त मिस्त्री

रंगाची घाई दोघांनीही करू नये. भिंत आता उघडी ठेवा, पोपडे आणि सैल गिलावा खरवडून काढा आणि दिवाळीपर्यंत तिला वाळू द्या. पावसाळ्यात दिलेला रंग कोणाच्याही पैशाने दिला तरी टिकणार नाही. म्हणजे तो ६,००० रुपयांचा वादही तोवर आपोआप पुढे जातो.

नव्या माणसाला एवढे सांगा की, जुना कोबा पूर्ण काढायचा, नहाणीचा ट्रॅप नवा बसवायचा, जलरोधक थर भिंतीवर फूटभर वर चढवायचा आणि फरशी बसवण्यापूर्वी पुन्हा चोवीस तास पाणी भरून दाखवायचे. त्या पाण्याचे छायाचित्र काढा, आणि आजींची बादली तेवढे दिवस तिथेच राहू द्या.